डोहावरचा लाल झेंडा

मळवली स्टेशनावरून भाजे गावाच्या पुढे गेलं की ओढ्यावर एक डोह लागतो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं तिथे छातीभर पाण्यात उभी असतात. त्या पाण्यात उतरावं की नाही, हे आधी सांगायचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. त्या डोहाबद्दल वरच्या वाडीत एक गोष्ट आजही सांगतात. ती खोटी आहे, आणि ती माझ्याच तोंडून निघाली.

पाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नमुन्यातून ते वाढवून मोजायला एक-दोन दिवस जातात. शनिवार-रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून आठवड्याच्या शेवटी नमुने घेतच नसत. आम्ही मंगळवारचं पाणी तपासायचो आणि लोक रविवारच्या पाण्यात डुंबायचे. मधल्या काळात पठारावरचे बंगले भरायचे, त्यांच्या संडासाच्या टाक्या तुंबायच्या, आणि उघडिपीनंतर जोराची सर आली की सगळं ओढ्याला लागायचं. मी पाऊस, उघडीप, पाण्याचा गढूळपणा आणि जुने निकाल एकमेकांशी ताडून अंदाज बांधायला शिकलो. सकाळी डोहावरच्या पहारेकऱ्याला फोन करायचो, आणि तो रस्त्याच्या वळणावर हिरवा नाहीतर लाल झेंडा लावायचा. लाल असला की गाड्या तिथूनच परत.

डोहाजवळचे टपरीवाले माझ्यावर खार खाऊन असायचे. एक जण दर शनिवारी विचारायचा, "भाऊ, आज कंचा रंग? कणसं भाजू का घरी जाऊन झोपू?"

डोहाच्या वर डोंगरात वाडी आहे. तिथली पोरं सुटीच्या दिवशी डोहाकडे फिरकली की पहारेकरी हाकलून द्यायचा. पाहुण्यांना आवडत नाही, म्हणायचा. लाल झेंड्याच्या दिवशी मात्र तो खाली वळणावर असायचा आणि डोह मोकळा. झेंडा कशाचा, हे वाडीत कुणी समजावलं नव्हतं. पोरांनी आपला अर्थ लावला. लाल म्हणजे पाहुणे नाहीत, आज डोह आपला.

हे मला एका रविवारी कळलं. माझा अंदाज खरा ठरतो का, हे पाहायला मी स्वतःच्या हौसेनं नमुना घ्यायला गेलो होतो. पोरं खडकावरून उड्या मारत होती. त्यातली एक मुलगी माझ्या ओळखीची. तिची आई वरच्या बंगल्यात भांडी घासायची आणि कधी मला चहा आणून द्यायची. मुलगी पाण्यातूनच ओरडली, "भाऊ, लाल हाय! आज आमचा दिस!"

मी हसलो. बाटली भरली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि निघालो. यांना या पाण्याची सवय असते, असं मनात म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं. निकाल वाईट आला. अंदाज बरोबर निघाला म्हणून मी खूश झालो.

काही आठवड्यांनी वाडीत काविळीची साथ आली. बाकीची पोरं उठली, ती मुलगी गेली. मग देवळापुढे बैठक झाली. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी मला विचारलं, लाल झेंड्याचा अर्थ वाडीला कळवला होता का. मी म्हणालो, "हो, या मुलीच्या आईला मी स्वतः सांगितलं होतं." मुलीचा बाप तिथे खांबाला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

त्या दिवसापासून, सांगूनही पोरीला पाण्यात सोडणारी आई म्हणून ती बाई ओळखली जाते. नवरा तिच्याशी धड बोलेनासा झाला. हे मला टपरीवाल्याकडून कळत राहिलं, आणि तरी मी वर गेलो नाही. निवृत्त झालो, माझ्यामागे अंदाज कुणी केला नाही, झेंडेही गेले. डोहावर गर्दी आहेच.

या पावसाळ्यात वाडीत गेलो. मुलीची आई दारात नाचणीच्या रोपांच्या जुड्या बांधत होती. मी सगळं सांगितलं. कुणीही सांगायला आलं नव्हतं, मी पोरांना पाहिलं होतं, मी खोटं बोललो. तिचे हात थांबले नाहीत.

"मला कुनी सांगितलंच न्हाई, ह्ये मी त्यास्नी लय येळा बोलले," ती म्हणाली. "त्ये म्हनायचे, एवढा शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल."

मी म्हणालो, आता वाडीत सगळ्यांसमोर सांगतो, तुझ्या नवऱ्यासमोरही सांगतो.

"सांगा की, आबा. वाडीला सांगा." तिनं गाठ आवळली. "त्ये गेल्या साली वारले."

मी वाडीत सांगितलं. चार म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "व्हय, आसंल," आणि मला बसायला पोतं दिलं. खाली येताना पाहिलं तर ती जुड्या डोक्यावर घेऊन शेताकडे निघाली होती. तिनं वळून पाहिलं नाही.