सविताच्या बांधावरची पेटी

आमच्या वस्तीवर सविताचं घर शेवटचं. त्याच्यापुढं रानं, आणि रानांपलीकडं खर्ड्याला जाणारा रस्ता. घरात दोघीच असतात, सविता आणि तिची सासू रंगुबाई. मूलबाळ झालं नाही आणि नवरा कानिफनाथ माश्यांनी गेला.

कानिफनाथ ग्रामपंचायतीच्या पाण्याचं काम बघायचा. मोटर चालू करायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, कुठं लाइन फुटली तर खड्डा खणून ती जोडायची. त्या उन्हाळ्यात टाकी भरेना म्हणून तो शिडीनं वर चढला. टाकीच्या पोटाला आग्या मोहोळाची मोठमोठी पोळी लटकलेली असायची. दरवर्षी असायची, कुणाला काही करत नव्हती. त्या दिवशी माश्या कशानं उठल्या ते कुणालाच कळलं नाही. खाली पाण्याला आलेल्या बायकांनी हंडे टाकून घरं गाठली, त्यांत मीही होते. कानिफनाथ शिडी उतरला, पण त्याला पळता आलं नाही. जामखेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर सविता माशीला भ्यायला लागली. कसल्याही माशीला. आठवडे बाजारात गुळाच्या दुकानासमोरून जायचं असलं की ती लांबचा वळसा घ्यायची. घरात एखादी गांधीलमाशी शिरली की पदर डोक्यावरून घेऊन कोपऱ्यात बसायची. रंगुबाई भ्यायची नाही, पण त्या टाकीचं पाणी तिनं पुन्हा प्यायलं नाही. आमच्या बोअरवरून घागर नेते ती, अजूनही.

पोट मात्र रानावरच होतं. विहिरीजवळच्या तुकड्यात सविता कांद्याचे डेंगळे करायची, म्हणजे बियाण्यासाठी लावलेला कांदा. मेहनतीचं पीक. कांद्याला उंच दांडे येतात, दांड्यावर पांढऱ्या फुलांचे गोंडे धरतात आणि माश्या त्या फुलांवर फिरल्या तरच त्यात बी भरतं. कानिफनाथ गेला त्याच्या पुढच्या साली गोंडे दिसायला भरगच्च आले, पण हातावर चोळले की नुसता भुसा. आजूबाजूला फवारण्या वाढलेल्या, त्यामुळं माश्या फिरकतच नव्हत्या. सविता सकाळी उठून या गोंड्यावरून त्या गोंड्यावर हात फिरवत चालायची. असं करून कितीसं बी भरणार?

नगरहून यामिनी नावाची एक मुलगी मधमाशीपालन शिकवायला आसपासच्या गावांत येत असे. तिनं ते रान बघितलं आणि म्हणाली, "सविताताई, बांधावर मधमाश्यांची एक पेटी ठेवा. फरक दिसेल."

"मॅडम, माझा मालक माश्यांनीच गेला," सविता म्हणाली.

यामिनीला ते ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा पडला. माफी मागून ती निघून गेली. पण थोड्या दिवसांनी सवितानंच तिला फोन लावला.

"त्या माश्या आन् तुमच्या माश्या येगळ्या का?"

"वेगळ्या. त्या उघड्यावर राहतात, ह्या अंधारात, झाडाच्या ढोलीत. सातेरी म्हणतात ह्यांना. चावतात ह्यासुद्धा, पण माणसाच्या मागं लागत नाहीत."

"मग आना एक पेटी."

मी तिला विचारलं, अगं, तुला होईल का हे? ती म्हणाली, "वहिनी, बी भरलं न्हाई तर आमी दोघी खायाचं काय? आन् असं भीत भीत किती दिस काढायचं?"

पेटी आली त्या दिवशी रंगुबाईनं घर डोक्यावर घेतलं. "माझ्या पोराचा जीव घेतल्याली जात तू दारात आनतीस?"

"आत्या, ह्या त्या न्हाईत."

"मला समद्या त्याच."

त्या दिवसापासून रंगुबाई रानात आली तरी पेटीच्या बाजूच्या बांधाला फिरकायची नाही. जेवणं एकत्र व्हायची, बोलणं मात्र कामापुरतं.

सविता शिकू लागली. पेटी लाकडी स्टँडवर होती. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याची वाटगी. ती रोज भरायची. धुराड्यात गोणपाटाचा तुकडा पेटवायचा, थोडा धूर द्यायचा आणि मग झाकण काढायचं. यामिनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, घाई करू नका. पहिल्यांदा आतली पोळ्याची चौकट उचलताना सविताचे हात इतके कापत होते की ती चौकट पेटीच्या कडेला आपटली. माश्यांचा आवाज एकदम चढला आणि एक माशी तिच्या मनगटावर डसली.

तिनं चौकट जागेवर ठेवली, झाकण लावलं, जाळीची टोपी काढली आणि डेंगळ्यांच्या सरीत बसून रडली. यामिनीला वाटलं, फार दुखतंय. ती चुना शोधायला धावली. सविता मला नंतर म्हणाली, "दुखत हुतं, पन त्याचं काय न्हाई. एका माशीनं एवढी आग झाली, वहिनी. त्यांना किती चावल्या असतील? तवर मला ते ठावंच नव्हतं. मी नुसतं रडले हुते त्यांच्यासाठी, त्यांचं दुखनं मला कळलंच नव्हतं."

त्यानंतर मात्र तिचे हात हळूहळू स्थिर झाले. पोळ्याच्या कोणत्या घरात मध आहे, कोणत्यात पिल्लं, हे तिला ओळखू येऊ लागलं. एके सकाळी तिला राणीमाशी दिसली, बाकीच्यांपेक्षा लांब, काळसर, आणि भोवती माश्यांचा घोळका. ती धावत मला बोलवायला आली. मी लांबूनच बघितलं. कानिफनाथ गेल्यानंतर तिला हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

त्या वर्षी बी भरलं. गोंडा हातावर चोळला की काळेभोर दाणे ओंजळीत पडायचे. रंगुबाईनं ते बी सुपात घेऊन पाखडलं. त्या रात्री जेवताना तिनं सुनेच्या ताटात आपल्या हातानं भाकरी वाढली.

मग उन्हाळा लागला. डेंगळे निघाले, रानात फूल म्हणून उरलं नाही. अशा दिवसांत पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो आणि वाटग्यांतलं पाणी आटू द्यायचं नसतं. सविता ते नेमानं करत होती. तेवढ्यात तिच्या माहेराहून, श्रीगोंद्याहून फोन आला, वडील अत्यवस्थ आहेत. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात होते. पेटी कुणावर टाकायची, या विचारात सविता पिशवी भरत होती तेव्हा रंगुबाई आपणहून म्हणाली, "तू जा. मी घालीन पानी आन् पाक."

"तुमाला जमंल, आत्या?"

"जमंल. बापाजवळ जा तू."

वडील बरेच दिवस तसेच होते. सविता रोज सासूला फोन करायची. "आत्या, पेटीत पाक घातला का?" रोज उत्तर यायचं, "घातला, घातला. तू हिकडची काळजी करू नगंस." वडील गेले, दिवस घालून सविता परत आली. घरात पिशवी ठेवली आणि सरळ बांधाकडं गेली.

पेटी रिकामी होती. वाटगी कोरडी, मुंग्यांची रांग आतपर्यंत. पोळ्यांवर मेणकिड्यांची जाळी आणि तळाशी वाळलेल्या थोड्या माश्या. बाकीच्या उपासमारीनं पेटी सोडून गेल्या होत्या. कुठं गेल्या ते कळायला मार्ग नाही.

ती घरी आली. रंगुबाई उंबऱ्यात बसली होती. सविता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रोज निघायची मी," रंगुबाई म्हणाली. "पाकाचं भांडं घेऊन. विहिरीपोतर जायची. त्यो आवाज कानावर आला की म्होरं पाय उचलंना. उभी ऱ्हायची, आन् माघारी यायची. मग एक दिस आवाजच आला न्हाई. तवा गेले जवळ."

"मग फोनवर घातला का म्हनलात?"

"तुझा बाप जायाला टेकला हुता. तुला काय सांगू, पोरी?"

सविताला खूप बोलायचं होतं, असं ती मला म्हणाली. पण म्हातारी ज्या विहिरीपर्यंत रोज चालत गेली, तिथवर जायलाही तिला किती हिय्या करावा लागला असेल हे तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं हातपाय धुतले आणि चूल पेटवली.

दिवाळीनंतर यामिनी आली. माश्यांची नवी वसाहत देते म्हणाली, पहिल्या वर्षी असं पुष्कळांचं होतं म्हणाली. सवितानं पेटी, टोपी, धुराडं सगळं स्वच्छ करून ठेवलं होतं. ते तिनं यामिनीच्या गाडीत ठेवलं.

"दुसऱ्या कुनाला द्या, मॅडम."

मी तिला म्हटलं, अगं, आता तर तुला येतंय सगळं. ती म्हणाली, "येतंय, वहिनी. लई आठवन येती त्यांची. पन आत्याला परत त्या आवाजासमोर उभं करायचं न्हाई मला."

यंदा त्या तुकड्यात तिनं हरभरा पेरला. हरभऱ्याला माश्यांची गरज नसते, घाटे आपोआप भरतात. पीक बरं आलंय. सकाळी दोघी सासू-सुना तिथं उपटणीला असतात, एकीच्या मागं एक.