दगडाला केलेलं रफू

शिंप्याने कापडासारखा दगड आखायला घेतला, तिथेच घात झाला. नव्या ओट्याचा काळा दगड स्वयंपाकघरात दोन बाकांवर आडवा ठेवला होता. बायकोने हट्टाने निवडलेलं बिडाचं अवजड सिंक त्यावर पालथं घालावं आणि भोवती खडू फिरवावा, असा त्याचा बेत. सिंक हातातून निसटलं, कोपरा खाडकन आदळला आणि दगडाला वीतभर बारीक भेग गेली. बायको बाहेर होती. शिंप्याने गोंदात बुटाचं काळं पॉलिश कालवून भेगेत भरलं, फडक्याने घासलं आणि स्वतःच्या रफूवर स्वतःच खूश झाला.

पण दगड कापायला येणार होते बायकोचे मामा. त्यांना सगळे घणमामा म्हणत. दगड ते हळुवार हाताने कापत. माणसांच्या बाबतीत हात जरा जड पडे. डाव्या पायाची तीन बोटं गेलेली. भेग बुजवून विकलेला एक दगड उचलताना दुभंगला होता, त्याने नेली. तेव्हापासून बुजवलेली भेग दिसली की मामांच्या डोळ्यांत रक्त उतरे. एका दगडवाल्याचा जबडा आणि दुसऱ्याची बरगडी एवढी वसुली आजवर झाली होती. मात्र भाचीवर जीव असा, की जावयाशी रागातसुद्धा अहो-जाहो सुटत नसे.

मामांनी दगडावर पाणी ओतलं, पुसलं आणि बघत बसले. सगळा दगड वाळला. एक रेघ तेवढी ओली राहिली.

"हे कुणी बुजवलं?"

शिंप्याची जीभ टाळ्याला चिकटली. बायकोची नाही.

"दगडवाल्यानेच, दुसरं कोण! केसाने गळा कापला मेल्याने!"

मामांनी घण खांद्यावर टाकला आणि निघाले. शिंपी मागे धावला.

"मामा, ऐका तरी..."

"जावईबापू, मध्ये पडू नका. तुमचाही चेंदामेंदा होईल."

हे ऐकून शिंप्याची उरलीसुरली हिंमतही आटली.

दगडवाला वखारीत चहा पीत होता. मामांनी कपासकट त्याला खेचलं आणि नाकावर गुद्दा हाणला. शिंप्यानेच शिवलेल्या पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली.

"अहो, अख्खा दिला होता! पोराची शपथ!"

"पोराला मध्ये आणतोस?"

मामांनी त्याला आडवा पाडला, छातीवर गुडघा रोवला आणि घण उचलला. दगडवाल्याने डोळे मिटले.

"मी पाडली!" शिंपी किंचाळला. "भेग मी पाडली! सिंक माझ्या हातून पडलं!"

घण हवेतच थांबला. मग मामांनी तो बाजूला टाकला आणि जावयाच्या अशी मुस्काटात भडकावली, की तो दगडाच्या चुऱ्यात जाऊन बसला.

"मघाशी तोंडाला टाके घातले होते का तुम्ही?"

 घरी आल्यावर मामांनी सिंकची जागा जराशी सरकवली, भेग बरोबर भोकाच्या आत घेतली आणि कटर चालवला. कानठळ्या बसल्या, धुरळ्याने सगळ्यांचे केस पिकले आणि भेगेसकट तुकडा धाडकन खाली पडला. सिंक असं बसलं, की बायकोने मामांना गूळपाणीच काय, शिंप्याच्या वाटणीचं जेवणसुद्धा वाढलं.

सुजलेला गाल धरून शिंपी पुटपुटला, "मामा, त्या बिचाऱ्याचं नाक फुटलं हो. आपण जाऊन माफी मागायला नको का?"

"तुम्ही मागा, मी मारून दमलोय."