रेषेपाशी बसणारी सुलभा

सकाळी साडेनऊचा सुमार असेल. कट्टा गावातल्या माझ्या औषधांच्या दुकानात एक आजीबाई खोकल्याच्या औषधाची बाटली उलटसुलट करून बघत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. मेघनाचा, म्हणजे सुलभाच्या भाचीचा. "काका..." एवढंच म्हणाली. मग तिच्या वडिलांनी फोन घेतला. "अनंता, सुलू गेली रे. कुडाळाक नेईपर्यंत रवली नाय..." मी आजीबाईंना बाटली दिली, दिवसातून किती वेळा घ्यायची तेही सांगितलं आणि त्या पायरी उतरून गेल्यावर शटर खाली ओढलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

सुलभा मूळची समुद्रकाठच्या तोंडवलीची. नोकरीला लागली ती कट्ट्याच्या हायस्कुलात, गणित शिकवायला. शनिवारी घरी जायची, एरवी इथेच खोली घेऊन राहायची. मी नुकतंच दुकान टाकलं होतं. संध्याकाळी आम्ही चारपाच जण मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायचो. बाहेर खेळायची सोय नाही, कारण आमच्याकडचा वारा शटलचं फूल कुठल्या कुठे नेतो. हॉलचं छत ठेंगणं होतं, उंच मारलेलं फूल पंख्याला लागायचं, आणि लग्नसराईत तर आमचा खेळ बंदच. अशा त्या हॉलमध्ये एक दिवस ही नवी बाई साडीचा पदर खोचून, रॅकेट घेऊन दारात उभी राहिली. "एक जागा आसा काय?" म्हणाली. त्या दिवशी तिने आमच्यातल्या दोघांना हरवलं. मी त्यातला एक.

पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत मिश्र दुहेरीसाठी आम्ही दोघांनी नाव दिलं आणि कट्ट्याला बोलायला विषय मिळाला. माझी आई तर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. सुलभाला ते कळलं तशी ती सरळ आमच्या घरी आली, पडवीत बसली आणि आईला म्हणाली, "काकी, तुमचो झील बॅकहँडाक कच्चो आसा. माका सोडून खेळलो तर हरतलो." आईला हसू आवरेना. "मगे खेळ गो बाय," ती म्हणाली, "पण हरान घराकडे येव नकात." आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो. आईने तरीही तिला जेवायला थांबवलं. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकत्र खेळलो. माझं लग्न झालं, मुलं झाली, माझी बायको आणि सुलभा मैत्रिणी झाल्या. सुलभाने लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मग तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळ बंद म्हणून सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता ही हॉलकडे फिरकायची नाही. पण महिन्याभराने आली ती एक खुर्ची घेऊन. कोर्टाच्या कोपऱ्यात, रेषेच्या सरळ मागे ती खुर्ची ठेवून बसली आणि फूल आत की बाहेर ते सांगू लागली. सुरुवातीला आम्ही हसलो. तिने मात्र पंचांच्या शिबिरांना जायला सुरुवात केली. आधी जिल्ह्यात, मग राज्यात, आणि एके वर्षी पत्र आलं की आपल्याच देशात, दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरात, मिश्र सांघिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार आहे आणि लाईन जज म्हणून तिला बोलावलंय. कट्ट्याच्या बाजारात पेढे वाटले, ते मीच.

या स्पर्धेची गंमत अशी की दोन देशांत पाच सामने होतात. पुरुषांची एकेरी, महिलांची एकेरी, दोन्हींची दुहेरी आणि मिश्र दुहेरी. नुसते पुरुष चांगले असून चालत नाही, नुसत्या बायकाही. भारताच्या लढतीच्या दिवशी हॉलमध्ये मोठा पडदा लावला. शंभरेक माणसं जमली होती. दोन-दोन बरोबरी झाली आणि निकाल मिश्र दुहेरीवर आला. तिसऱ्या गेमला एकोणीस-एकोणीस असताना पलीकडच्या खेळाडूने जोरात मारलेलं फूल आपल्या बाजूला, कडेच्या रेषेशी पडलं. ती रेषा सुलभाची. कॅमेरा तिच्याकडे वळला. अख्खा हॉल ओरडला, "भायेर! भायेर!" आणि सुलभाने दोन्ही हात उचलून डोळ्यांवर ठेवले.

मला दिसलं नाही, अशी ती खूण. मुख्य पंचांनाही सांगता येईना आणि त्या कोर्टावर कॅमेऱ्याने तपासायची सोय नव्हती. तो गुण पुन्हा खेळवला गेला. तो आपण हरलो, पुढचाही हरलो, लढत गेली.

ती परत आली त्या संध्याकाळी मी जे बोललो ते आजही मला ऐकू येतं. हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "सुलभा, डोळे झाकूचेच होते तर हयंच झाकूचे. तितक्या लांब कित्याक गेलंस?" सगळे हसले. तीही थोडं हसली. मग म्हणाली, "माका दिसला नाय रे अनंता. आमच्याच खेळाडूचो पाय मधी इलो."

"मग भायेर म्हणान सांगूचा! कोणाक कळणार होता?"

"माका," ती म्हणाली.

ते मला पटलं नाही. शाळेतली पोरं कितीतरी दिवस तिच्यामागे डोळ्यांवर हात ठेवून हसायची, ती वळून बघायचीही नाही. त्या स्पर्धेतून तिने एक गोष्ट मात्र घरी आणली. आमच्या भागातल्या स्पर्धा तोवर फक्त पुरुषांच्या असायच्या. तिने पाच सामन्यांची मिश्र सांघिक स्पर्धा सुरू केली. मुली नसतील तर संघच घेणार नाही म्हणाली. पहिल्या वर्षी तीन संघ आले, पुढच्या वर्षी नऊ. मुलींच्या आयांना समजवायला ती वाडीवाडीत स्वतः गेली.

सहा वर्षांपूर्वी अंतिम सामना कट्टा आणि कुडाळ असा झाला. दोन-दोन बरोबरी, मिश्र दुहेरी शिल्लक, आणि आमच्याकडून मेघना खेळणार होती. नेमका एक लाईन जज आला नाही. मी सुलभाला म्हटलं, तू बस. "माझी पोर खेळता, मी बसूचंय नाय," ती म्हणाली. "तू बस. तुझी नजर चांगली आसा." मी बसलो. ती समोर लोकांत जाऊन बसली. अगदी शेवटी, आम्ही वीस-एकोणीसने पुढे असताना, कुडाळच्या मुलीने मारलेलं फूल माझ्या रेषेशी पडलं, आणि नेमका मेघनाचा जोडीदार माझ्या आणि फुलाच्या मध्ये आला. मला काही म्हणता काही दिसलं नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता... मी दोन्ही हात बाजूला पसरले. बाहेर!

कट्टा जिंकला. पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. गर्दी पांगल्यावर सुलभा जवळ आली.

"दिसला तुका?"

"दिसला."

"बरा," म्हणाली आणि जाळी सोडायला गेली.

तेराव्याला मी तोंडवलीला गेलो. तिच्या भावाने घराला लागून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात, पण त्या दिवशी सगळ्या बंद होत्या. जेवणं झाल्यावर मेघना आणि मी मागे सुरूच्या झाडांखाली बसलो. ती आता पुण्याला असते, त्या आठवड्यात सुट्टीला घरी आली होती. मला राहवलं नाही, मी तिला त्या फुलाबद्दल सांगून टाकलं. ती वाळूत बोटाने रेघ ओढू लागली.

"काका, फूल आतच होतं. माझ्या पायाशी पडलं. मी सतरा वर्षांची होते, गप्प बसले. घरी आल्यावर आत्याने विचारलं आणि मी रडत सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी ती मला घेऊन कुडाळला गेली. त्या मुलीला मी माझ्या तोंडाने सांगितलं. कपही नेला होता, तो त्यांनी घेतला नाही. पंचांनी दिलं ते दिलं म्हणाले."

म्हणजे कुडाळला सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या दुकानात औषधं पोचवायला येणाऱ्या तिथल्या माणसांनासुद्धा कदाचित.

"आणि माझ्याबद्दल काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, अनंताला कोणी काही विचारायचं नाही. तो आपण होऊन सांगेल."

निवृत्तीनंतर सुलभा दर शनिवारी तोंडवलीहून मुलींना शिकवायला कट्ट्याला यायची. शिकवून झालं की परतीची बस येईपर्यंत माझ्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसायची. आम्ही चहा घ्यायचो. ती गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवरची डॉक्टरांची अक्षरं लावायचा प्रयत्न करायची आणि ते कधीच जमायचं नाही. बसचा आवाज आला की उठायची, पिशवी खांद्याला लावायची आणि पायरीवर जरा थांबून विचारायची, "आणि काय, अनंता?" मी म्हणायचो, "काय नाय." मग ती जायची. मला वाटायचं, ही तिची बोलायची ढब आहे.

परवाच्या शनिवारी मी सवयीने दोन चहा सांगितले. बस आली, थांबली, दोन बाया चढल्या, बस गेली. ती जे विचारत होती त्याचं उत्तर मी असं लिहून सगळ्यांसमोर देतो आहे, कारण केलं तेही सगळ्यांसमोरच होतं. स्टुलावर पिशवी ठेवू बघणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी म्हटलं, इथे नको, बाजूला ठेवा. दुसरा चहा तसाच राहिला होता. तो उचलून बाजूला केला आणि लिहायला बसलो.