ढवळ्याक पेज, राजाक बांगडो

कुणकेश्वरात आमच्या वाडीत सावित्री आणि नर्मदा या जावा. नर्मदा थोरली. दोघींच्या घरांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेएवढा. इकडच्या कालवणात काय पडलं ते तिकडे आधी कळतं. लग्न होऊन आल्याला सावित्रीला बावीस वर्षं झाली, आणि एवढी वर्षं तिची नजर त्या गडग्यापलीकडेच. नर्मदेचे माड जास्त धरतात. नर्मदेचा झील म्हणजे मुलगा मुंबईत नोकरीला चिकटला. नर्मदेच्या सोलकढीला रंग चढतो. सावित्री काही वाईट बाई नव्हे. हात मोकळा, कोणाच्या मयताला पहिली हजर. पण नर्मदेचं नाव निघालं की तिचा आवाज चढतो.

यंदा त्यात कुत्र्याची भर पडली.

वर ओढून ठेवलेल्या होडीखाली एक कुत्री व्याली. पिल्लं आपली आपण खाऊ लागल्यावर नर्मदेने त्यातलं एक पांढरं उचललं. दुपार व्हायच्या आत सावित्रीने एक तांबूस आणलं, अंगाने जरा थोराड बघून. नर्मदेने नाव ठेवलं ढवळो. सावित्रीने ठेवलं राजा.

नर्मदेकडे ढवळ्याला तांदळाची पेज असते, हे सावित्रीने गडग्यावरून ऐकलं आणि राजाला बांगडा सुरू केला. तोही पुढच्या अंगणात, पलीकडून दिसेल असा.

"तुझ्या कुत्र्याक पेज, माझ्याक बांगडो," ती मोठ्याने राजाला सांगायची. राजाला नव्हेच ते.

मे महिना लागला. दोन्ही अंगणांत जुनी जाळी पसरली आणि त्यावर खारवलेली मासळी वाळत पडली. पावसात चार महिने होड्या वर; तेव्हा ताटात काय पडणार ते या जाळ्यावर ठरतं. ढवळो जाळ्याच्या कडेला बसायचा. कावळा उतरला की धावायचा, परत येऊन बसायचा, आणि नाकासमोरच्या बांगड्याला नाक लावायचा नाही. राजाही कावळ्यांवर धावायचा. कावळे पळाले की निवांत बसून स्वतः खायचा.

सावित्री त्याला गुरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सुई टोचली, जंताची गोळी दिली आणि म्हणाले, "मावशी, मारू नका. सांगितलं तसं वागला की त्याला खाऊ द्या. लगेच, त्याच वेळी." लेकीने, संचिताने, मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूसही तेच सांगत होता, हातात बिस्किट धरून.

"बिस्किट खावक माझो राजा काय पाव्हणो हा?" सावित्री म्हणाली. राजा जाळ्यापाशी दोन मिनिटं गप्प बसला की ती वाकायची, जाळ्यावरचाच एक बांगडा उचलायची आणि त्याच्या तोंडात द्यायची. लगेच, त्याच वेळी.

आठ दिवसांत जाळ्याचा एक कोपरा रिकामा झाला.

"आये, नर्मदाकाकीक विचार मगे," संचिता म्हणाली.

"तिका विचारण्यापेक्षा मी राजाच्यावांगडा उपाशी रवतलंय."

सावित्रीचा नवरा दाजी बिडी ओढत ऐकत होता. "उपाशी रवाचाच लागतला, सगळ्यांकच. सोमवारी होडयेच्या इंजिनाच्या कामाक मालवणाक जातंय. तोपर्यंत ह्यो सुधारलो नाय तर तेका माझ्यावांगडा नेतंय आणि मासळी बाजारात सोडून येतंय. थंय काय तो खाव दी."

दाजी कमी बोलतो, पण बोलला की करतो. सावित्रीने राजाला पायाशी ओढलं आणि गडग्याकडे पाठ केली.

बुधवारी त्याच गडग्यावरून हाक आली.

"सावित्री, गो, माका खारेपाटणाक जावचा आसा, भावाकडे. आयतवारी येतंय. ढवळ्याक बघशीत?"

"घरात भावजी आसत मा?"

"ह्येंका जमणा नाय. सकाळी मागल्या दारी तेका पेज घाल, पोटभर. तेचा खावन झाला की मगेच पुढे मासळी पसर. आणि जाळ्यावरचा एक सुंगट पण तुझ्या हातान तेका देव नको. कावळो उडवल्यान तर मागल्या दारी ने आणि थंय भाकरेचो तुकडो दी. जाळ्याकडे खावक मिळता, ह्या तेका कळाकच नको."

"येवढ्याच?"

"येवढ्याच."

गुरुवारी सकाळी सावित्री पेजेचा टोप घेऊन नर्मदेच्या मागल्या दारी गेली. थोरला दीर, बाबली, उकिडवा बसला होता आणि ढवळो त्याच्यासमोर पेज चाटत होता.

"भावजी, तुमी घातलांत?"

"रोज मीच घालतंय. पिल्लू इल्यापासून. कित्या गो?"

सावित्रीने हातातल्या टोपाकडे बघितलं. जावेला तिची गरज नव्हती. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नर्मदेने चार दिवसांच्या कामात गुंडाळून गडग्यावरून देऊन टाकलं होतं. पेज तिथेच ओतून सरळ घरी यावं, असं तिच्या मनात आलं. मग सोमवार आठवला. ती टोप घेऊन परत आली आणि आपल्या मागल्या दारी राजासमोर ठेवला.

राजाने पेज हुंगली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. त्या दिवशी त्याने दोन बांगडे पळवलेच. शुक्रवारी तिने त्याला मानेला धरून दहादा मागे नेलं, दर वेळी भाकरीचा तुकडा दिला. शनिवारी भूक लागल्यावर पेज संपली. रविवारी दाजी अंगणात उभा असताना कावळा उतरला. राजा धावला, कावळा उडाला. राजा बांगड्यांच्या कडेने चालत मागल्या दारी गेला आणि भाकरीची वाट बघत बसला.

दाजीने बिडी विझवली. "डॉक्टराच्या गोळयेन गुण दिल्यान."

"होय तर."

संध्याकाळच्या गाडीने नर्मदा आली. गडग्यापाशी थांबून तिने राजाकडे पाहिलं. सावित्री कंबरेवर हात ठेवून तयार होती. जाव आता टोमणा मारील, मग आपण चार सुनावू.

"राजा बरो बसता हा."

"डॉक्टरान सांगल्यान तसा केलंय."

"बरो आसा डॉक्टर," नर्मदा म्हणाली, आणि पिशवी घेऊन घरात गेली.

माड, झील, सोलकढी, आणि आता हा न मारलेला टोमणा. सावित्री रात्री जेवली नाही.

सोमवारी दाजी एकटाच मालवणाला गेला. सावित्रीने मागल्या दारी राजाला पेज घातली, ढवळ्याच्या टोपापेक्षा मोठ्या टोपात.