पाठमोरी खुर्ची

जेवण झालंय, बोटांना सुकटीचा वास आहे, आणि मी ओट्यावरच्या चटईवर आडवा. पंख्याचा आवाज लांब जातो, आणखी लांब जातो, आणि ओट्याच्या कडेला हसुरामदादा त्याच्या खुर्चीत बसलेला दिसतो. गेल्या शिमग्यात गेलेला माणूस, पण तब्येत सुधारलेली.

खुर्चीची पाठ मैदानाकडे आणि तोंड विहिरीकडे. हा गावचा रिवाज. आमचा कबड्डीचा संघ मागे पडला की दादाने पाठ फिरवायची. एकदा तो तंबाखू मळायला वळला आणि आम्ही हरता सामना जिंकलो. तेव्हापासून ते त्याचंच काम. मग संघ कितीदा तरी मागून येऊन जिंकला आणि दादाने त्यातला एकही विजय पाहिला नाही. विहिरीचा मात्र दगडन् दगड त्याच्या ओळखीचा. तो गेल्यावरही खुर्ची हलवायची छाती कोणाची झाली नाही.

"काय रे जना, काल जिंकलो म्हणे?"

"नऊ गुणांनी मागे होतो, दादा. तिथून जिंकलो. आज संध्याकाळी फायनल."

"पाठ कोणी फिरवली?"

खरं उत्तर आहे, कोणीच नाही. पण ते दिलं तर दादाची जन्माची सेवा बुडीत खात्यात. नाही दिलं तर फायनललाही तो विहीरच बघणार. दोन्हीकडे तोटा दिसला की मी विषय बदलतो.

"आधी नियम ऐक. सगळे बदललेत."

बघतो तर आम्ही एसटीत बसलोय. मधल्या वाटेवर मॅट अंथरलीय आणि पोरं बूट घालून चढाई करतायत. कंडक्टर शिट्टी फुंकतो. "तीस सेकंद झाली, मागे फिरा."

"दम कोण बघतो?" दादा विचारतो.

"घड्याळ."

"त्याला कधी दम लागलाय?"

"दोन चढाया रिकाम्या गेल्या," कंडक्टर सांगतो, "आता तिसरीत गुण आणला नाही तर खाली उतरायचं."

"आमचा भास्कर अख्खा सामना रिकामा यायचा. लोक म्हणायचे, काय शांत डोक्याने खेळतो."

"आणि दादा, आपले तीनच गडी उरले, आणि त्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. काल असेच वर आलो."

दादाचं तंबाखू मळणारं बोट थांबतं. "म्हणजे मागे पडलेल्याला आता नियमच हात देतो."

"हो."

"मग पाठ कोणी फिरवली?"

एसटीच्या खिडक्यांतून सगळा गाव आत बघतोय. नाही, आम्हीच मैदानात आहोत. फलकावर आपण मागे, मॅटवर तीन गडी. अख्खा गाव दादाकडे बघतो. ते बघणं मला चांगलं ठाऊक आहे. दादा मुकाट उठतो आणि खुर्ची विहिरीकडे वळवायला लागतो. मी त्याचा सदरा धरतो.

"कोणीच फिरवली नाही, दादा. तरी जिंकलो."

तो खुर्ची सोडतो.

"म्हणजे मी एवढी वर्षं फुकट विहीर बघितली?"

"वाटतंय तसं."

"हे सांगायला तुला तोंड आहे?"

"नव्हतं. म्हणून तू जाईपर्यंत थांबलो."

तो तंबाखू तोंडात टाकतो. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर, तिकीट न काढता पोचलेल्या माणसाचं समाधान पसरतं.

"तसं नाही ते, जना. मी होतो तोवर हा नियम नव्हता. मी गेलो, तेव्हा त्यांना काढावा लागला."

नियम तो जायच्या आधीपासून होता. मी त्याचा सदरा सोडतो.

"आता सरक," तो म्हणतो. "बघू दे."

खुर्ची घासत फिरते. चढाईवाला आत येतो, तिघे त्याच्या घोट्याला, कमरेला, दंडाला भिडतात. मी मॅटकडे बघतच नाही. सामना चालू असताना दादाचं तोंड कसं दिसतं, ते मला पहिल्यांदाच दिसतंय. लहान पोराचं तोंड. ते उघडतं...

"खुर्ची कोणी फिरवली?"

बायको चहा घेऊन उभी. ऊन उतरलंय. दादाची खुर्ची मैदानाकडे तोंड करून आहे आणि ओट्यावरच्या धुळीत तिच्या पायांचे ताजे ओरखडे आहेत.

रस्त्यावरून कप्तानाची आई द्वारकामावशी जाता जाता थबकते. "अरे जना, आज फायनल. ती खुर्ची विहिरीकडे कर."

"राहू दे, मावशी."

"आणि हरलो तर?"

"तर त्याला एक हार बघायला मिळेल," मी म्हणतो, आणि चटई थोडी बाजूला ओढतो, त्याच्या नजरेच्या आड येऊ नये म्हणून.