पिशवीतले वायपर

अलेक्झांड्रियाच्या मुहर्रम बे भागात उस्ता, म्हणजे उस्ताद, बसयूनीच्या दुकानाला पाटी नव्हती. गरजही नव्हती, त्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू यायचा. दुकान म्हणजे भिंतीतलं खोपटं, आत टांगलेले गाड्यांचे वायपर आणि बाहेर एक स्टूल. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याच्या वायपरच्या रबरावर बोट फिरवायचा आणि काळं झालेलं बोट त्याच्या नाकाखाली धरायचा.

"हे रबर आहे की चार दिवसांची वाळकी रोटी? उन्हानं खाल्लं सगळं! आठवड्यातून एकदा ओलं फडकं फिरवायला हात झिजतात का तुझे?"

"अहो उस्ता, आपल्याकडे पाऊस पडतो तरी किती?"

झालं! हे वाक्य ऐकलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. या शहरात शेंबडं पोरसुद्धा हिवाळ्यातली वादळं नावानिशी आणि तारखेनिशी सांगतं. नोव्हेंबरच्या मध्याला येते ती मकनसा, म्हणजे झाडू. तारीख पाठ, पण वायपर आठवणार ते झाडू डोक्यावर बसल्यावरच. तहान लागली की विहीर खणायला निघतात लेकाचे! गाड्या धुणारा अत्वा गाडी धुतल्याची खूण म्हणून वायपर उभे करून ठेवायचा. त्यानं दांडीची स्प्रिंग ढिली पडते म्हणून त्यालाही रोज शिव्या.

हा राग उगाच नव्हता. तरुणपणी बसयूनी टॅक्सी चालवायचा. अशाच एका मकनसात त्याच्या वायपरचं रबर फाटलं. हा पठ्ठ्या खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत राहिला आणि ट्रामच्या खांबावर जाऊन आदळला. तेव्हापासून त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही.

बायको गेल्यावर एकुलती एक मुलगी नगला दुकानातल्या त्याच स्टुलावर शाळेचा अभ्यास करत मोठी झाली. पण सामानाला तिनं हात लावायचा नाही, हे मुलींचं काम नव्हे, असा त्याचा दंडक. आता ती बुर्ज अल-अरबच्या कपड्यांच्या कारखान्यात जायची. वाळवंटातल्या हमरस्त्यानं, शलबीच्या मायक्रोबसमधून, रोज जाऊन-येऊन.

यंदा मकनसाच्या चार दिवस आधी बसयूनीनं शलबीची गाडी भर रस्त्यात अडवली. स्वतःच्या हातानं नवे वायपर बसवले आणि वर अर्धा तास तोंड चालवलं. ऊन काय करतं, समुद्राचं मीठ काय करतं, पुन्हा ऊन काय करतं. शलबी नंदीबैलासारखा मान डोलावत होता.

सोळा तारखेला दुपारी चार वाजता आभाळ फाटलं. दुकानापुढे गाड्यांची रांग लागली. बसयूनी शिव्या देत रबरं बसवत होता, तेवढ्यात अत्वा आडोशाला आला.

"उस्ता, शलबीनं तुमचं ऐकलं बरं का. सकाळी गाडी धुवायला गेलो तर वायपर काढून ठेवलेले. दांड्यांना नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या."

"काढून ठेवलेले? कुठे?"

"सीटखाली, पिशवीत. म्हणाला, उस्ता सांगतो ऊन रबर खातं. पाऊस आला की लावीन."

"लावीन? त्या गाढवाला लावता येतात का?"

"ते तुम्हालाच माहीत. तुम्ही दाखवलंच असेल ना?"

त्यानं दाखवलं नव्हतं. शलबीलाच काय, आजवर कुणालाच नाही. नगलाचा फोन लागेना. पाऊस काचांवर सपासप आपटत होता आणि बसयूनीला त्या हमरस्त्यावरचे ट्रक दिसत होते. तिला काही झालं तर आपल्याच बडबडीनं होणार, हे त्याला कळून चुकलं.

"उस्ता, माझा नंबर कधी?" रांगेतून एक जण ओरडला.

"कयामतीच्या दिवशी!"

आठ वाजता मायक्रोबस येऊन थांबली. वायपर व्यवस्थित फिरत होते. मागच्या दारातून नगला उतरली, नखशिखांत भिजलेली, बोटं काळी, अंगठा चिरलेला. तिला धडधाकट पाहताच बसयूनी धावला तो थेट शलबीच्या गचांडीला.

"सोडा त्याला, बाबा!" आवाज हुबेहूब बापाचा. "तो मूर्ख आहे, पण तुम्ही? उन्हावर प्रवचनं झोडता. वायपर लावायचे कसे, हे एकाला तरी दाखवलंत? काचेतून काही दिसत नव्हतं, मागून ट्रक भोंगे मारत होते, आत बायका रडत होत्या. शेवटी मी बंपरवर चढले आणि दोन्ही लावले."

"तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. स्टुलावर बसून चोरून बघायचे. हात लावला असता तर तुम्ही हात तोडला असतात."

शलबीची कॉलर त्याच्या मुठीतून सुटली. बसयूनी गाडीच्या काचेपाशी गेला, चांगल्या हातानं वायपर उचलला, पात्याची खीळ चाचपली. पक्की बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःचा राग आला. त्यानं वायपर हळूच खाली टेकवला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला म्हणाला, "थांब. तुझं काम ही माझी पोरगी करील."

"आज नाही," नगला म्हणाली. "आज मी भिजलेय, आणि मला तुमचा संताप आलाय. उद्यापासून करीन."

दुकानातलं एकुलतं एक स्टूल ओढून ती बसली. बसयूनी उभाच राहिला.