घंट्यांच्या गिऱ्हाइकाला लिहिलेलं पत्र

मेहकरात जुन्या पितळेचा व्यापार करणाऱ्या चाचांनी मला धंद्यात घेतलं ते माझ्या इंग्रजीसाठी. मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. त्यामुळे मला इंग्रजी येतं असा गावाचा समज होता आणि तो खोडून काढायची गरज मला कधी वाटली नाही.

त्या काळात चाचांच्या दुकानात बैलांचं सामान फार येऊ लागलं होतं. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायचे, जोड्या बाजारात जायच्या. मागे उरलेल्या घंट्या, शिंगांच्या टोकांना बसवायच्या पितळी शेंब्या, घुंगरू असं सगळं मोडीच्या भावानं चाचांकडे यायचं. परदेशात लोक असल्या वस्तू भिंतीवर टांगतात असं चाचांनी कुठूनसं ऐकलं. नेट कॅफेवाला फोटो काढून लिलावाच्या साइटवर टाकायचा. लिलाव संपला की ज्यानं वस्तू जिंकली त्याला ई-मेल लिहायचं काम माझं. ठरलेल्या मुदतीत दोघांचा संपर्क झाला नाही तर साइट सौदा रद्द करायची, कोणाला दोष न देता.

पहिले सगळे सौदे असेच रद्द झाले. माझी पत्रं जायची आणि पलीकडून चकार शब्द नाही.

"लोक बोली लावतात आन् पळून जातात, असं कसं सर?" चाचा म्हणाले. "आमच्या बाजारात असं केलं त पुन्हा कोनी दारात उभं नाई करत."

शेवटी मी माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहिलं. ते स्पॅममध्ये पडलेलं सापडलं. त्याच्या वर कोणत्याशा राजपुत्राची विधवा मला तिच्या संपत्तीत वाटा देत होती, आणि खाली मी एक लॉटरी जिंकलो होतो. मधे माझं पत्र. परक्याच्या नजरेनं वाचलं तेव्हा पटलं की ते योग्य जागी पडलं होतं.

दोष चाचांच्या रिवाजाचा होता, आणि थोडा माझाही. चाचांच्या दुकानात तीन पिढ्या एक पद्धत चालत आली होती. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची खैरियत विचारायची. आई कशी आहे, लेकरं कशी आहेत, पाऊस झाला का. भावाची गोष्ट त्यानंतर. हे सगळं ते मला सांगायचे आणि मी त्याला शाळेत शिकलेल्या अर्जाच्या इंग्रजीची झालर लावायचो. आदरणीय महोदय, ईश्वरकृपेनं आपण सहकुटुंब सुखरूप असाल, मी एक प्रामाणिक माणूस आहे, विश्वास ठेवावा, बँकेचा खाते क्रमांक खाली देत आहे. जगातला कोणताही ठग याहून वेगळं लिहीत नाही.

मग मी पत्रं छाटली. विषयाच्या ओळीत वस्तूचं नाव आणि लिलावाचा क्रमांक, आत तीन कोरडी वाक्यं. ठळक मोठी अक्षरं बंद, उद्गारचिन्हं बंद, 'तातडीचे' हा शब्द बंद. शिवाय साइटवरूनच गिऱ्हाइकाला एक निरोप द्यायचा: आमचा पत्ता तुमच्या ओळखीच्या पत्त्यांत जोडून ठेवा. पत्रं पोहोचू लागली. एका थंड मुलखातल्या म्हाताऱ्या बाईंनी पहिली घंटा घेतली. पत्ता जोडला असं त्यांनी आवर्जून कळवलं आणि पुढे त्या आमच्या कायमच्या गिऱ्हाईक झाल्या. यजमानांचे गुडघे दुखतात असंही त्यांनी एकदा लिहिलं होतं.

चाचा मात्र नाराज होते. "हे पत्र हाय का नोटीस? मानूस मेलं का जिवंत हाय, इतकं बी पुसत नाई तुमी."

ठगांची पत्रं स्पॅममध्ये टाकणाऱ्या ई-मेलच्या त्या चाळणीचं मला कौतुक वाटायचं. बोंडअळी कपाशीकडे फिरकणारही नाही असं सांगत बियाण्याच्या जाहिरातीची गाडी आमच्या गावात फिरायची. खात्रीशीर, दुप्पट, मर्यादित साठा, आजच या. मेळाव्यात फेटे बांधलेले साहेब मंचावर बसायचे आणि सत्कार इतके चालायचे की कपाशीला वेळच उरायचा नाही. हेच शब्द ई-मेलमध्ये आले असते तर थेट स्पॅममध्ये पडले असते. गावात तसलं यंत्र कोणी बसवलं नव्हतं. पुढे गुलाबी अळी बोंडात निघालीच. तेव्हा ती गाडी दुसऱ्या वाणाची जाहिरात करत होती.

त्याच हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावानं, दादानं, बैलजोडी विकली. विकण्याआधी बैलांच्या गळ्यातली पितळी घंट्यांची माळ तो माझ्या मेहकरच्या घरी घेऊन आला. "तुह्याजवळ ठेव. जोडी घेतली का नेईन." माळ बाबांच्या वेळची. एक घंटा कधीतरी फुटली होती, तिच्या जागी बाबांनी दुसरीच, जरा काळपट घंटा सायकलच्या तारेनं बसवली होती. मी माळ खिळ्याला टांगली. खिडकी उघडली की ती थोडी वाजायची. पोळ्याच्या आधी दादा आला आणि माळ मागून नेली. साडभावाच्या बैलांना लागते म्हणाला. मला बरंही वाटलं, कोणाच्या का होईना, गळ्यात पडेल.

पोळा होऊन गेला. लिलाव संपल्याची सूचना आली म्हणून मी नेट कॅफेत गेलो. फोटो उघडला. काळपट घंटा आणि सायकलची तार. माळ त्या म्हाताऱ्या बाईंनी जिंकली होती.

मी चाचांच्या दुकानात गेलो. "चाचा, हे कुठून आलं?"

चाचांनी चष्मा पुसायला घेतला. "तुमच्या भावानं आनली. कसम घातली मले, सरांले सांगू नका म्हने."

"आणि तुम्ही नाही सांगितलं."

"कसम होती ना सर."

"परत घ्या. माझ्याच घरची आहे."

"आता ते बाईची हाय. लिलाव झाला म्हंजे जबान देल्ली. सौदा आपून मोडला त साइटवाले दुकान बंद करतीन आपलं."

दादाला फोन लावला. तो वावरात होता. माळेचं नाव काढताच तो उसळला.

"बैल नाई त घंट्या काय माह्या गळ्यात बांधू?"

"अरे पण मला सांगायचं होतंस."

"तुले सांगतलं असतं त तू भाषन देल्लं असतं. बाबा आठवले असते तुले. तुले आठवाले काय जाते बे, तू मेहकरात राह्यतो."

त्यानं फोन ठेवला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. एकानं साडभावाचं नाव सांगून माझ्या खिळ्यावरून माळ काढून नेली, दुसऱ्यानं रोज माझ्यासमोर चहा पीत ती कपाटात ठेवली.

संध्याकाळी चाचा माझ्याशेजारी कॅफेत बसले, पत्र गेलेलं डोळ्यांनी बघायला. आणि तिथं मला सुचलं. पत्र पाठवायचं, पण पोहोचू द्यायचं नाही. मुदत संपेल, सौदा रद्द होईल, दोष कोणालाच नाही, आणि माळ मी चाचांकडून घेईन.

"चाचा, आज तुमच्या पद्धतीनं लिहू," मी म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला.

मी त्या पत्रात काहीच सोडलं नाही. विषय ठळक मोठ्या अक्षरांत, तातडीचे, चार उद्गारचिन्हं. परमप्रिय आदरणीय मैत्रीण. ईश्वर आपणास आणि आपल्या यजमानांना उत्तम आरोग्य देवो, त्यांचे गुडघे कसे आहेत. मी कापसाच्या दुःखी मुलखातला एक प्रामाणिक माणूस. विश्वास ठेवा. बँक, बँक, पुन्हा बँक. चाचांना मराठीत वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे पत्र झालं सर." राजपुत्राच्या विधवेनंही लाजावं असं ते पत्र मी पाठवून दिलं आणि त्या रात्री बऱ्यापैकी झोपलो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं.

बाईंनी आमचा पत्ता ओळखीच्या पत्त्यांत जोडून ठेवला होता, मीच सांगितल्याप्रमाणे. त्या पत्त्यावरून काहीही आलं तरी चाळणी त्याला हात लावत नाही. त्यांनी लिहिलं होतं की यजमान महिनाभर आजारी आहेत, इतक्या आपुलकीनं त्यांची चौकशी दुसऱ्या कोणी केली नाही. घंट्या त्यांच्या खोलीच्या दारावर टांगू. पैसे पाठवले आहेत.

मी उत्तर चाचांना वाचून दाखवलं. "पाह्यलं?" ते म्हणाले. "खैरियत पुसली त पोचलं."

पार्सल दुकानातच बांधलं. टपालात घंट्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून चाचांनी कोपऱ्यातलं एक पोतं ओढलं. त्यात गेल्या हंगामातला किडका कापूस होता, पिवळट, अळीनं खाल्लेला. माळ आणली त्या दिवशी दादाच देऊन गेला होता, भरायला कामी येईल म्हणून. मी एकेका घंटेत तो कोंबत गेलो, लोलक हलेनासा होईपर्यंत. काळपट घंटा शेवटी भरली.

चाचांनी खोकं कानाशी धरून हलवलं.

"बराबर भरलं," ते म्हणाले, आणि सुतळी माझ्या हातात दिली.